सॉफ्टवेअरच्या रिलीजला नंबर देताना या चुका टाळा

१.९ नंतर काय? पुष्कळांच्या हातून पटकन २.० लिहिलं जातं, कारण शाळेतला दशांश डोक्यातून जात नाही. व्हर्जनमधलं टिंब दशांशाचं नव्हे, १.९ नंतर १.१० येतं. २०२१ मध्ये पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं ३.१० आलं तेव्हा ही गल्लत भल्याभल्यांना भोवली. यॅमल फाइलीत (सेटिंग लिहिण्याची साधी मजकूर-फाइल) अवतरणचिन्हांशिवाय ३.१० लिहिलं की त्याची संख्या होते, शेवटचं शून्य गळतं आणि सीआय (कोड आपोआप बिल्ड करून तपासणारी यंत्रणा) बिचारं पायथन ३.१ शोधत बसतं. आकडा अवतरणात लिहा. स्क्रिप्टमध्येही व्हर्जनची तुलना स्ट्रिंग म्हणून करू नका, नाहीतर १.१० हे १.९ च्या आधी लागेल.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे रिलीज झाल्यावर बग दिसला, गुपचूप दुरुस्त केला आणि तोच टॅग (रिलीजच्या नंबराची चिठ्ठी) नव्या कमिटवर, म्हणजे कोडच्या नव्या नोंदीवर, हलवला. मीही केलंय हे, रात्री दोन वाजता. ज्यांनी जुना टॅग आधीच ओढलाय त्यांच्याकडे गिट (कोडच्या नोंदी ठेवणारं साधन) तो आपणहून बदलत नाही. म्हणजे एकाच नंबराचे दोन वेगवेगळे कोड गावभर फिरतात. गो भाषा वापरणाऱ्यांचा बिल्ड तर चेकसम (कोडचा ठसा) जुळत नाही म्हणून अडतो. एनपीएम आणि पायपीआय ही पॅकेजची भांडारं एकदा वापरलेला नंबर पुन्हा घेतच नाहीत, ते बरंच आहे. १.४.० फसलं? १.४.१ काढा. नंबरांना पैसे पडत नाहीत.

लायब्ररी (इतरांनी आपल्या कोडात वापरायचा कोड) असेल तर सेमव्हर, म्हणजे 'मोडणारा बदल.नवी सोय.दुरुस्ती' अशी आकड्यांची पद्धत, घ्या, कारण वापरणाऱ्याला 'माझा कोड मोडेल का' एवढंच कळायला हवं असतं. उबुंटू लिनक्ससारख्या वेळापत्रकावर चालणाऱ्या गोष्टीला तारीख (वर्ष.महिना) शोभते. उशीर झाला तर आकडाही बदलतो: २००६ मध्ये ६.०४ लांबलं आणि ६.०६ झालं. पण २०२४.३ वरून १.० वर परतायचं म्हटलं, तर पॅकेज मॅनेजरला (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाला) ते जुनंच वाटणार. डेबियन लिनक्समध्ये मग नंबराच्या पुढे '१:' असा इपॉक (बाकी नंबराच्या आधी पाहिला जाणारा अंक) चिकटवावा लागतो, आणि एकदा लावला की तो निघत नाही.

वर्षानुवर्षं ०.x मध्ये रेंगाळू नका. सेमव्हरच्या नियमानुसार तिथे काहीही, कधीही मोडू शकतं. लोक प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या कामात, वापरत असतील तर १.० द्या. त्याआधी चाचणीचे रिलीज (आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट) काढताना आरसी२ नव्हे, आरसी.२ असं टिंब देऊन लिहा, नाहीतर सेमव्हरच्या क्रमात आरसी१० हे आरसी२ च्या आधी येऊन बसेल.