स्वयंप्रकाशी रेटिकलचा जुना स्कोप घेताना काय तपासावे

रायफलवर बसवायचा स्कोप, म्हणजे नेम धरण्याची दुर्बीण, जुना घेण्यात काहीच गैर नाही. चांगली काच नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षे सहज टिकते. मात्र ज्या स्कोपचे रेटिकल, म्हणजे आत दिसणारी नेमाची खूण, बॅटरीशिवाय उजळते, त्याच्या काचेचे वय वेगळे आणि प्रकाशाचे वय वेगळे असते. विक्रेता बहुधा काचेकडे पाहून किंमत सांगतो आणि प्रकाशाविषयी मौन पाळतो. त्यामुळे तपासणीचा क्रम आपणच ठरवून जावे.

आधी गरज ठरवावी

बेळगावात किंवा निपाणीत एखादा विद्यार्थी १० मीटर एअर रायफल स्पर्धेची तयारी करत असेल, तर पालकांनी या फंदात पडूच नये. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्या प्रकारात दुर्बीण चालत नाही, तेथे छिद्राचे डायॉप्टर साइटच वापरावे लागते. घरच्या आवारात लक्ष्यावर नेम धरण्यासाठी .१७७ इंच व्यासाच्या छर्ऱ्याची स्प्रिंग एअर रायफल असेल, तर वेगळी अडचण येते. अशी रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी धक्का देते, आणि केवळ बंदुकीच्या मागच्या धक्क्याचा विचार करून बनवलेले स्कोप या पुढच्या झटक्याने आतून खिळखिळे होतात. शिवाय लष्करी धाटणीचे बहुतेक ट्रिटियम स्कोप (ट्रिटियम या किरणोत्सारी वायूने रेटिकल उजळणारे) सुमारे १०० यार्डांवर जुळवलेले असतात. पंधरा मीटरवर त्यांतून चित्र अस्पष्ट दिसते आणि डोळा किंचित हलला तरी नेम सरकल्यासारखा वाटतो. एकॉग या नावाजलेल्या अमेरिकी स्कोपच्या ४×३२ (चौपट मोठे दाखवणारा, ३२ मिलिमीटर भिंगाचा) या जुन्या नमुन्यात तर डोळा काचेपासून जेमतेम ३८ मिलिमीटरवर धरावा लागतो. जोरदार धक्क्याच्या रायफलवर भुवई फुटायला तेवढे पुरते. खानापूरच्या जंगलपट्ट्यातील वाचकांसाठी हेही सांगितले पाहिजे, की संधिप्रकाशात दिसणारे रेटिकल म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ सर्वांना लागू आहे.

कागद पाहावेत

स्कोपवरील अनुक्रमांक नमूद केलेले मूळ बिल मागावे आणि ते नसेल तर विक्रेत्याची सही, पत्ता व ओळखपत्राची प्रत असलेली पावती करून घ्यावी. बेळगाव हे लष्करी छावणीचे गाव असल्यामुळे ‘फौजी माल आहे, बिल कशाला’ असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. त्याला तेथेच नमस्कार करावा, कारण सरकारी भांडारातून बाहेर पडलेली वस्तू घेणारासुद्धा गुन्ह्यात सापडतो. ट्रिटियम किरणोत्सारी असल्याने त्याची आयात आणि विल्हेवाट हे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अखत्यारीतील विषय आहेत, म्हणून परदेशातून टपालाने असा स्कोप मागवण्याचा विचार सोडून द्यावा. शस्त्राच्या परवान्याबाबत शंका असेल तर शहर हद्दीत पोलीस आयुक्तालयात आणि तालुक्यांत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत विचारून मगच विसार द्यावा.

प्रकाश कशाचा आहे ते ओळखावे

फायबर ऑप्टिकची लाल किंवा हिरवी काडी वर दिसत असेल, तर ती दिवसाचा उजेड गोळा करून रेटिकलपर्यंत नेते. अंधारात तिचा उपयोग नाही. अंधारातील उजेड ट्रिटियम वायूने भरलेल्या काचेच्या बारीक नळीतून येतो. वायूतून निघणारे इलेक्ट्रॉन नळीच्या आतील लेपावर आदळतात आणि तो लेप चकाकतो. ट्रिटियमचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे उरायला लागणारा काळ, १२.३ वर्षे असल्याने पंधरा वर्षांनी मूळ ट्रिटियमपैकी सुमारे ४३ टक्के आणि पंचवीस वर्षांनी जेमतेम चौथा हिस्सा उरतो. लेपही झिजत जातो, त्यामुळे प्रत्यक्षात उजेड याहूनही कमी मिळतो. ही नळी पुन्हा भरता येत नाही. ती बदलण्याचे काम उत्पादकाकडेच होते आणि येथून ते जवळजवळ अशक्य आहे.

म्हणूनच सर्वांत आधी स्कोप उलटा करून खालची खूण वाचावी. किरणोत्साराचे तीन पाकळ्यांचे चिन्ह, ट्रिटियम दर्शवणारे एच-३ हे अक्षर-अंक आणि बहुधा निर्मितीचे वर्ष तेथे कोरलेले किंवा चिकटवलेले असते. खूण खरवडलेली असेल तर सौदा मोडावा. वर्ष वाचता आले आणि स्कोप पंधरा वर्षांपुढचा निघाला, तर प्रकाशाची किंमत शून्य धरून केवळ काचेचा भाव करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंधारातील परीक्षा विक्रेत्याच्या घाईत करू नये. काही जण दाखवण्याआधी स्कोपवर टॉर्च मारतात. त्यामुळे लेप थोडा वेळ जास्त चमकतो. स्कोप जाड काळ्या कापडात अर्धा तास गुंडाळून ठेवावा, स्वतः दिवा मालवून दहा-पंधरा मिनिटे अंधारात बसावे आणि मग आत पाहावे. तेव्हा जे दिसेल तोच खरा उजेड.

एक सावधगिरी फार जुन्या साइट्सबाबत बाळगावी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील काही उपकरणांत रेडियमचा लेप असे. तो आज चमकत नाही, कारण चमकणारा पदार्थ संपला आहे. रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षे आहे. असे उपकरण उघडू नये, घासू नये, घरी आणू नये. ट्रिटियमची किरणे त्वचेतून आत जात नाहीत, त्यामुळे अखंड नळीचे भय नाही. परंतु नळी फुटल्याचा संशय आल्यास खिडक्या उघडून खोलीबाहेर जावे.

काच आणि नळा

जांबोटी, कणकुंबीकडे चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात, तेथे कपाटात पडून राहिलेल्या स्कोपला बुरशी हमखास धरते. पुढच्या भिंगातून टॉर्चचा उजेड तिरका टाकून मागून पाहावे. कडेपासून आत सरकणारे पांढरट, कोळिष्टकासारखे धागे दिसले तर तो स्कोप परत द्यावा, कारण बुरशी काचेवरचा लेप खाते. धुके धरू नये म्हणून आत भरलेला नायट्रोजन गळाला आहे का, हे पाहण्यासाठी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे. बाहेर काढल्यावर भिंगावर बाहेरून धुके येणे स्वाभाविक आहे. ते पुसल्यावरही आत धुके राहिले तर नळा फुटका समजावा.

स्कोपला गोल नळा असेल तर त्यावरच्या रिंगांच्या खुणांवर बोट फिरवावे. नुसता रंग गेलेला चालतो, खाच बोटाला लागता कामा नये. नळ्याचा व्यास २५.४ की ३० मिलिमीटर, हे मोजूनच रिंगा घ्याव्यात.

नेमाची परीक्षा

टरेटच्या, म्हणजे नेम वर-खाली व डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या फिरत्या बटणाच्या, प्रत्येक टिचकीचा आवाज व अटकाव सारखा असावा. पाव मिनिटाची (येथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) टिचकी १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर नेम हलवते. नेम शून्यावर आणून, म्हणजे नेम धरला तेथेच गोळी लागेल असे करून, एक गोळी झाडावी, मग वीस टिचक्या वर, वीस उजवीकडे, वीस खाली आणि वीस डावीकडे फिरवाव्यात; शेवटची गोळी पहिल्या छिद्राजवळच पडली पाहिजे. ही परीक्षा दुकानात होत नाही, अधिकृत रेंजवरच होते, म्हणून पैसे देण्यापूर्वीच सात-आठ दिवसांत परत घेण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी.