शेजाऱ्याच्या सिक्युरिटी क्लिअरन्सची चौकशी तुमच्या दारात आली? या चुका टाळा

वॉशिंग्टनच्या आसपास, व्हर्जिनिया-मेरीलँडमध्ये राहिलात तर कधीतरी बेल वाजते आणि दारात उभी असलेली बाई विचारते, "पलीकडच्या घरातल्यांना ओळखता का?" ही असते तपासनीस: शेजाऱ्याला सरकारची गुप्त माहिती हाताळायची परवानगी, म्हणजे सिक्युरिटी क्लिअरन्स, द्यायची का, याची चौकशी करायला आलेली. आपल्याला लगेच पासपोर्टची पोलीस चौकशी आठवते. गडबड तिथूनच सुरू होते.

आधी ओळखपत्र बघा. बहुतेक चौकश्या २०१९ पासून संरक्षण खात्याच्या डीसीएसए या संस्थेकडे आहेत. पुष्कळ तपासनीस कंत्राटी असतात, त्यामुळे गणवेश नसतो. बॅज आणि ओळखपत्र मात्र असतंच. खात्री करायची तर फोन नंबर संस्थेच्या वेबसाइटवरून घ्या, बाईने दिलेल्या कार्डावरून नको.

आपली हमखास चूक म्हणजे "अहो, देवमाणूस आहे!" म्हणून मोकळं होणं. मीही तेच केलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "हे तुम्हाला कशावरून कळलं?" मग आठवून सांगितलं: सहा वर्षं शेजार, शनिवारी लॉन कापताना गप्पा, बर्फ पडला की एकमेकांचा ड्राइव्हवे साफ करणं. हे सगळं मात्र त्यांनी लिहून घेतलं. दारू, कर्ज, परदेशी नातीगोती हेही विचारतात, कारण निर्णयाच्या १३ निकषांत ते येतं. माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणा. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून सांगा.

सांभाळून घ्यायला जाऊ नका. शेजाऱ्याने एसएफ-८६ या लांबलचक फॉर्ममध्ये जुनी दारू पिऊन गाडी चालवल्याची केस स्वतःच लिहिलेली असू शकते. तुम्ही ती लपवलीत तर शंका दोघांवरही. बोलायला नकार देता येतो. जाणूनबुजून खोटं सांगणं मात्र संघीय गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद.

आणि हे सगळं गुप्तच राहील असं धरून चालू नका. १९७४च्या प्रायव्हसी कायद्याने शेजारी आपली फाइल मागू शकतो. नाव कळू नये असं वाटत असेल तर बोलण्याआधीच गोपनीयतेचं आश्वासन मागा.

चहा विचारायला हरकत नाही. पाकीटबिकीट मात्र स्वप्नातही नको!

निघताना त्या विचारतात, "यांना ओळखणारं आणखी कोण?" तिथे मराठी मंडळाच्या अध्यक्षांचं नाव देऊ नका. समोरच्या घरातल्या आजी, ज्या दिवसभर खिडकीत बसतात, त्यांचं द्या.