मृगाआधी झाडकोरफडीची जागा उंच करा

मृग तोंडावर आला की सगळेच लावणीच्या घाईत असतात. ज्यांच्या बागेत झाडकोरफड आहे, किंवा ज्यांनी यंदा ती लावायचे ठरवले आहे, त्यांनी आधी एवढे पाहावे: वळवाची मोठी सर पडून गेल्यावर त्या जागी पाणी किती वेळ थांबते? हे झाड उन्हाला दाद देत नाही. ते साचलेल्या पाण्याने मरते, आणि मुळे सडली तरी वरची पाने बरेच दिवस हिरवी राहतात. कळते तेव्हा खोड हाताला मऊ लागते.

नर्सरीत ‘ट्री अलो’ म्हणून दोन वेगळी झाडे मिळतात. पहिले बार्बेरे, दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडचे, मोझांबिकपर्यंत आढळणारे. तिकडे पाऊस उबेच्या महिन्यांत पडतो, आपल्यासारखाच. त्यामुळे निचरा असला तर ते आपला पावसाळा काढते. मूळ रानात ते १८ मीटरपर्यंत वाढते. दुसरे डायकोटोमम, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या उत्तर केप प्रांताच्या कोरड्या, खडकाळ मुलखातले. तिथले आदिवासी सान लोक त्याच्या फांद्या पोकरून बाणांचे भाते करत, म्हणून त्याला भात्याचे झाड म्हणतात. फार देखणे आहे, पण आपल्याकडे ते कुंडीत ठेवा आणि पावसाचे चार महिने छपराखाली घ्या. ओळखायला सोपे: बार्बेरेची पाने हिरवी, लांब, खाली वळलेली आणि फुले गुलाबी, भात्याच्या झाडाची पाने निळसर राखाडी आणि फुले पिवळी. २०१३ मध्ये दोन्ही झाडे अलो या प्रजातीतून काढून अलोइडेंड्रॉनमध्ये घातली गेली, त्यामुळे लेबलवर अलो किंवा अलोइडेंड्रॉन, कोणतेही नाव दिसेल.

माझे पहिले रोप मी काळ्या जमिनीत घालवले. तीन फुटांचा खड्डा घेतला, मुरूम आणि वाळू भरली, काम चोख झाले असे वाटले. पण भोवतीच्या चिकण मातीतून पाणी मुरेना, आणि सगळ्या वाफ्याचे पाणी त्या खड्ड्यात उतरले. मी झाडासाठी विहीरच खणली होती. भारी जमिनीत खड्डा नकोच. जमिनीवर दीड-दोन फूट उंच आणि दोन मीटर रुंद उंचवटा करा; मुरूम, जाड वाळू आणि थोडे पूर्ण कुजलेले शेणखत. रोप त्याच्या माथ्यावर लावा. कोकणात जांभ्याचा उतार मिळाला तर उत्तमच, पण पागोळ्यांखालची जागा टाळा.

भिंत, कंपाउंड आणि पाण्याची टाकी यांपासून किमान १५ फूट सोडा. आज रोप मनगटाएवढे दिसते, पण जुन्या झाडाचा बुंधा जवळजवळ मीटरभर जाड होतो.

फांदीपासून रोप करायचे असेल तर पावसात फांदी तोडू नका, काप सुकत नाही. हे काम ऑक्टोबरमध्ये किंवा फेब्रुवारीत करा. तोडलेली फांदी दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा, कापावर कोरडी खपली धरली की कोरड्या वाळूत उभी करा आणि काठ्यांचा आधार द्या. मुळे धरेपर्यंत पाण्याचा हात अगदी आखडता.

सध्या पानांच्या बेचक्या उघडून पाहा. पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण आहे. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. मुंग्यांची रांग दिसली तर तिचाही बंदोबस्त करा, त्याच हा कीडा फांदीफांदीवर नेतात. पानांच्या बुडाशी किंवा फुलांच्या दांड्यावर वेड्यावाकड्या गाठी असतील तर तो कोळी या बारीक किडीचा उपद्रव. तेवढा भाग कापून जाळा, कंपोस्टमध्ये टाकू नका.

निफाडकडे थंडीत पारा फार उतरतो. तिथे पहिली दोन-तीन वर्षे रोपावर रात्री गोणपाट टाका.

आणि घरातल्या मुलांना सांगून ठेवा: नाव कोरफड असले तरी याचा गर खायचा नाही.