प्रोजेक्ट स्वतःच्या शब्दांत कसा लिहावा

तयार प्रोजेक्ट विकत घेऊन वरचं नाव बदलणाऱ्यांसाठी हे नाही. मनापासून लिहायला बसतात आणि तरी कॉपी-पेस्ट करून उठतात, त्यांच्यासाठी आहे.

विषय आवाक्यातला घ्या, गाइडची मंजुरी घ्या, संदर्भ जमवा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, एक चक्कर मारा. पुस्तक हातात असतानाच लेखक, वर्ष, प्रकाशक, पान क्रमांक टिपून ठेवा.

आता घोडं अडतं ते इथे: वाचलेलं आपल्या शब्दांत मांडणं. मलाही ते जमत नसे, कारण जो तो सांगे, ‘शब्द बदल.’ हा सल्ला टाकाऊ आहे. समजा, पुस्तकात आहे: ‘साठवणुकीची सोय नसल्याने शेतकरी कांदा लगेच विकतो, त्यामुळे आवक वाढून भाव पडतात.’ तुम्ही लिहिलंत: ‘साठवण सुविधेअभावी शेतकरी कांद्याची तत्काळ विक्री करतो, परिणामी आवक वाढून दर घसरतात.’ ही चोरीच. इंग्रजीतला उतारा मराठीत आणून संदर्भ गाळलात, तरी चोरीच. चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला सापडो न सापडो.

त्यापेक्षा पुस्तक मिटा. दहा मिनिटं दुसरं काम करा. मग लासलगावला कांदा विकणाऱ्या काकांना सांगताय असं समजून लिहा. काका लगेच अडवतील, ‘कोणता कांदा? उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत टिकतो, लाल कुठे टिकतो?’ म्हणजे ‘साठवणुकीची सोय नाही’ हे कारण लाल कांद्याला तसंच्या तसं लागू नाही. हे वाक्य तुमचं. मूळ मुद्दा मात्र पुस्तकाचा, तिथे संदर्भ हवाच. नंतर पुस्तक उघडून आकडे ताडून पाहा. व्याख्या बदलू नका; अवतरणचिन्हांत जशीच्या तशी द्या.

‘दहा टक्के साम्य चालतं’ हे ऐकून निर्धास्त होऊ नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत प्रबंधाला १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर दंड नाही, ६० च्या वर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते. ते साम्याचं मोजमाप आहे, चोरीचा कोटा नव्हे. टक्का उतरवायला समानार्थी शब्द कोंबणारी मुलं मला कॉपी करणाऱ्यांपेक्षा जास्त वैताग आणतात.

एआयने दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहा. नसलेली पुस्तकंही ते बिनदिक्कत सांगतं. वापर केला असेल तर गाइडला आधीच सांगा.

संदर्भसूची लावा, बाइंडिंग करा. टिपणांची वही तोंडी परीक्षेपर्यंत फेकू नका.