जुन्या कॅसेटसाठी स्वस्त व्हीसीआर निवडताना

घरातल्या व्हीएचएस कॅसेट पाहणे एवढाच हेतू असेल, तर महागड्या यंत्रापेक्षा वापरलेला साधा व्हीसीआर घेणे मला अधिक योग्य वाटते, कारण या फितीवरचे चित्र आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतकाच तपशील धरते आणि यंत्राच्या किमतीने तो वाढत नाही. शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवल्यामुळे आता जुन्याच यंत्रांतून निवड करावी लागते. शक्यतो चार हेडचे (हेड म्हणजे फितीवरचे चित्र वाचणारा भाग) यंत्र घ्यावे. दोन हेडच्या यंत्रात चित्र थांबवले की बहुधा पट्टे दिसतात. पाल आणि एनटीएससी या चित्रसंकेताच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत; आपल्या कॅसेट यांपैकी कोणत्या पद्धतीच्या आहेत आणि यंत्र ती चालवते का, हेही आधी पाहावे.

खरी परीक्षा मात्र हाताने घ्यावी. बिनमहत्त्वाची एखादी कॅसेट घालून पाच-दहा मिनिटे चालवावी, पुढे-मागे गुंडाळावी, मग बाहेर काढून पुढचे झाकण उचलावे आणि फितीची कड उजेडात निरखावी. कड दुमडलेली किंवा सुरकुतलेली दिसली, तर ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये, कारण लग्नाची एकुलती एक कॅसेट त्यात कायमची खराब होऊ शकते. चित्रावर नुसते ठिपके असतील, तर दोष बहुधा मळलेल्या हेडचा असतो आणि तो साफसफाईने जातो. बुरशी आलेली कॅसेट मात्र यंत्रात मुळीच घालू नये.