रॅटवरची मायक्रोसर्जरी आणि तिचे फोटो: या चुका टाळा

दरवर्षी नवीन बॅच येते आणि दरवर्षी मी त्याच चुका बघते, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. विषय रॅटच्या मांडीतली फेमोरल आर्टरी, म्हणजे पायाची मुख्य धमनी, मायक्रोस्कोपखाली कापून परत जोडायचा. जाडी जेमतेम 1 मिलिमीटर, धागा 10-0 नायलॉन, म्हणजे केसापेक्षाही बारीक, आणि शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात जिवंत रॅट हवा असतो. का? दुकानातून चिकनचा लेग आणा, हाडाला लागून जाणारी रक्तवाहिनी शोधा आणि तीच कापा, जोडा, परत कापा, परत जोडा. माझ्याकडे असे 25 जोड नीट झाल्याशिवाय कुणालाच रॅट मिळत नाही. लोक नाराज होतात, होऊ देत. एथिक्स कमिटी रॅट मोजून मंजूर करते आणि त्यातला एक जरी आपल्या घाईपायी गेला तरी मला ते लागतं.

सगळ्यात जास्त रॅट टाके चुकल्याने जात नाहीत, थंडीने जातात. एक मुलगा होता, हात इतका छान की मी मागे उभी राहून नुसती बघत बसायची. त्याने अर्ध्या पोटापर्यंत केस काढले, भरपूर स्पिरिट फासलं, रॅट तसाच स्टीलच्या ट्रेवर ठेवला आणि फ्रीजमधून काढलेलं सलाइन मारत बसला. केटामिन-झायलाझिनच्या भुलीत रॅटला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, त्यात जीव 250 ग्रॅमचा. सव्वा तासाने आठवा टाका बसला, जोड सुंदर झाला, रक्त अडवणारा क्लॅम्प काढला तर पुढे रक्तच जाईना कारण श्वास कधीच थांबला होता आणि कुणाचं लक्षच नव्हतं. मी पोटाला हात लावला तर गार पडलेलं. तेव्हापासून माझा नियम असा की भूल दिल्या क्षणापासून हीटिंग पॅड चालू, गुदद्वारात थर्मामीटर, 37 च्या आसपास ठेवायचं, सलाइन कोमट, केस लागतील तेवढेच काढायचे आणि दर पाच मिनिटांनी डोळे मायक्रोस्कोपवरून काढून छाती हलतेय का ते बघायचं. गार सलाइनने आर्टरी पण आकसते, मग म्हणतात स्पॅझम का आला.

आदल्या रात्री रॅटला उपाशी ठेवू नका, त्याला उलटी होतच नाही, उपासाने उगाच साखर खाली जाते.

भुलीत डोळे उघडे राहतात, मलम लावा.

सुई टोकाला धरायची नाही, आणि आर्टरीची आतली बाजू फोरसेपने (बारीक चिमट्याने) चिमटायची नाही म्हणजे नाही.

शेवटचे दोन टाके बांधायच्या आधी हेपरिन-सलाइनने (हेपरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध) आत धुवून बघा, मागची भिंत टाक्यात अडकली असेल तर तिथेच दिसेल.

आता फोटो. इथली माझी आवडती तक्रार म्हणजे "मला तर क्लिअर दिसत होतं मॅडम". एका मुलीने दिवसभर खपून प्रत्येक टाक्याचा फोटो काढला आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर बघितलं तर सगळेच्या सगळे फोटो धूसर, रडायला आली बिचारी. तिच्या आयपीसचा डायॉप्टर, म्हणजे डोळ्याच्या नंबरप्रमाणे फिरवायची कडी, दुसऱ्याच कुणाच्या नंबरवर होता आणि तरुण डोळे ते आपोआप सांभाळून घेतात, कॅमेरा घेत नाही. म्हणून रॅट आणायच्याही आधी एक छापलेलं अक्षर मायक्रोस्कोपखाली ठेवा, मॅग्निफिकेशन सगळ्यात जास्त करा, स्क्रीनवर बघून फोकस करा, मग त्या फोकसला हात न लावता दोन्ही डोळ्यांचे डायॉप्टर एकेक करून जुळवा. पाच मिनिटं लागतात. मी रोज करते, कारण मधे कुणी ना कुणी ते फिरवलेलं असतंच.

दुसरं म्हणजे चकाकी. ओल्या टिश्यूवर लाइट पडला की नेमका टाका पांढऱ्या ठिपक्यात हरवतो. सलाइनचं डबकं बारीक स्पंजने टिपा पण कोरडं करू नका, आर्टरीखाली निळा किंवा हिरवा शीट सरकवा, लाइट कमी करा आणि एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा, ऑटोवर कॅमेरा आजूबाजूचा अंधार बघून मधली आर्टरी जाळून टाकतो. फोटोत स्केल हवीच. आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये रक्ताचे डाग पुसून जोड स्वच्छ दाखवणारे असतील तर माझ्या लॅबमध्ये नकोत.

क्लॅम्प काढल्या काढल्या घेतलेला फोटो जोडातून रक्त वाहत असल्याचा पुरावा नसतो, गुठळी व्हायला थोडा वेळ लागतो. मी 20 मिनिटं थांबायला लावते. मग जोडाच्या पुढे दोन फोरसेपने आर्टरी हलकेच दाबायची, पुढच्या फोरसेपने मधलं रक्त पुढे सारायचं, जोडाकडचा फोरसेप सोडायचा आणि रिकामा भाग भरतो का ते बघायचं. याचा व्हिडिओच घ्या, आणि एकदाच करा, परत परत चिमटून आतलं अस्तर खराब होतं. तोवर हीटिंग पॅड चालूच ठेवायचा, आणि वेदनाशामक इंजेक्शन रॅट जागा व्हायच्या आधी द्यायचं, कण्हायला लागल्यावर नाही.