क्लॅरिनेट आणि थिअरीचा खासगी क्लास लावलाय? मग या चुका टाळा

बी फ्लॅट क्लॅरिनेटवर सी वाजवला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते. हे कुणी सांगितलेलं नसतं, मग घरी पेटीवर पांढरी एक, म्हणजे पेटीचा सी, दाबून बघायची, सूर जुळत नाही म्हणून घाबरायचं आणि नवं कोरं वाद्य खराब आहे म्हणत दुकानात परत न्यायचं, असं खूप जणांचं होतं. वाद्यात काही खोट नसते हो. क्लॅरिनेट कागदावर लिहिलेल्यापेक्षा दोन सेमीटोन (काळ्या धरून पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) खाली वाजतं, म्हणून तर ते बी फ्लॅट क्लॅरिनेट. पांढरी एकमध्ये गाणाऱ्यासोबत वाजवायचं तर तुम्हाला डी मेजर स्केल (डी पासूनची स्वरांची ओळ) धरावी लागते, म्हणजे दोन शार्प (एक सेमीटोन चढे स्वर). काळी एकवाला गायक असेल तर ई फ्लॅट मेजर, तीन फ्लॅट (एक सेमीटोन उतरे स्वर). काळी पाचवाली गायिका मिळाली तर सरळ सी मेजर, एकही शार्प-फ्लॅट नाही.

ही थिअरीच आहे, आणि खासगी क्लासमधली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तिला वाद्यापासून वेगळं ठेवणं. "सर, आधी वाजवायला शिकवा, थिअरी नंतर बघू" हे बहुतेक सगळे म्हणतात. काही जण म्हणतात, बँडवाले कुठे थिअरी शिकतात? पुण्याच्या गणपती मिरवणुकीत प्रभात बँड ऐकून क्लॅरिनेटचं वेड लागलेल्यांचा तर हा ठरलेला प्रश्न. पण बँडमधला वादक वर्षानुवर्षं रोज जाणत्या माणसाशेजारी उभा राहून वाजवतो, पट्टी बदलली की त्याची बोटं आपोआप बदलतात. तुम्हाला आठवड्यातून एक तास मिळतो. तो फरक भरून काढायला थिअरी लागते, म्हणून सर वहीत जी स्केल लिहून देतील ती त्याच दिवशी क्लॅरिनेटवर वाजवा, आणि जी वाजवली ती वहीत लिहा.

परीक्षा देणाऱ्यांनी तर हे नक्कीच लक्षात ठेवा. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाची पाचव्या ग्रेडची थिअरी (किंवा त्यांनी मान्य केलेला पर्याय) पास झाल्याशिवाय सहाव्या ग्रेडची प्रॅक्टिकल देता येत नाही. मग पाचव्या ग्रेडपर्यंत थिअरीला हात न लावलेली मुलं दोन महिन्यांत सगळं घोकतात, पासही होतात, आणि समोर नवी ओळ ठेवली की गप्प बसतात. ट्रिनिटी या दुसऱ्या परीक्षा मंडळाला ही अट नाही, पण म्हणून तिकडे थिअरी सोडून द्यायची असं नाही.

नोटेशनखाली (रेघांवरच्या स्वरलिपीखाली) पेन्सिलीने सा रे ग म किंवा सी डी ई लिहून ठेवणं हीसुद्धा तशीच सवय. पहिले काही दिवस ठीक आहे, पण डोळा खालचं अक्षरच वाचतो, वरची रेघ वाचतच नाही. आणि सा रे ग म लिहिण्यात अजून एक घोळ होतो, आपला सा कुठल्याही पट्टीत बसतो पण कागदावरचा सी तिथेच राहतो, दोन्ही एकच समजलात की पहिल्याच एफ मेजरच्या ट्यूनमध्ये, जिथे बी फ्लॅट घ्यायचा असतो, तो बी फ्लॅट चुकणार म्हणजे चुकणार.

तालाचं मात्र उलट आहे, तिथे आपलं जे आहे ते वापराच. 6/8 आणि 3/4 या दोन्ही तालखुणांत क्वेव्हर (छोट्या मात्रेचे स्वर) सहाच मावतात आणि मुलं गोंधळतात. दादरा म्हणून बघा, धा धिं ना, धा तिं ना, तीन-तीनचे दोन गट, हेच 6/8. दोन-दोनचे तीन गट पाडले की 3/4. हातावर टाळी देऊन एकदा मोजलं की परत विचारावं लागत नाही.

बासरी वाजवून आलेल्यांची वेगळीच अडचण. बासरीवर तीच बोटं ठेवून फुंक वाढवली की वरचा सा येतो, म्हणून ते क्लॅरिनेटवरही तेच करायला जातात. क्लॅरिनेटची नळी सरळ आणि माऊथपीसच्या बाजूने बंद धरली जाते, त्यामुळे अंगठ्याची रजिस्टर की दाबल्यावर वरचा सा येत नाही, त्याच्याही वरचा प येतो. खालचा एफ होता तिथे सी मिळतो. त्यामुळे खालच्या आणि वरच्या सप्तकाची बोटं वेगवेगळी पाठ करावी लागतात, त्याला शॉर्टकट नाही.

आणि या दोन सप्तकांच्या मधला सांधा, ब्रेक म्हणतात तो, तिथे सगळे अडकतात. मधल्या ए ला डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने फक्त एक की दाबलेली असते, बाकी सगळं उघडं. लगेच पुढचा बी वाजवायचा तर अंगठा, रजिस्टर की, सगळी भोकं आणि करंगळीची की, एवढं सगळं एका क्षणात बंद करायचं. लोक इथे फुंक वाढवतात, ओठ आवळतात, आणि वाद्य किंचाळतं. उपाय बोटांत आहे. ए वाजत असतानाच उजव्या हाताची बोटं आधीच भोकांवर ठेवून द्या, आवाजात काही बिघडत नाही, उलट बऱ्याचदा सुधारतो, आणि बी ला जाताना फक्त डावा हात हलवावा लागतो. अगदी सावकाश, लिगाटोमध्ये (सूर न तोडता), ए बी ए बी, रोज पाच मिनिटं.

किंचाळण्याबद्दल अजून थोडं, कारण क्लास सोडायचं कारण बऱ्याचदा हेच असतं. नव्वद टक्के दोष रीडला (माऊथपीसवरच्या पातळ पट्टीला) देऊ नका. आधी बघा अनामिकेखालचं भोक पूर्ण झाकलंय का. मग उजव्या हाताची तर्जनी बाजूच्या लांब कीजना टेकत नाही ना ते बघा, ही जागा आपल्या स्वतःला दिसतच नाही, म्हणून आरशासमोर उभे राहा. मग माऊथपीस तोंडात जास्त तर गेला नाही ना. एवढं सगळं ठीक असेल तरच रीड काढून बघा: टोक तुटलंय का, आणि माऊथपीसच्या टोकाशी सरळ बसलंय का, केसाएवढी काळी कड वर दिसली पाहिजे. नवशिक्याने दोन किंवा अडीच नंबरचीच रीड घ्यावी. "मोठे वादक तीन वापरतात" म्हणून तीन घेतली की फक्त हवा येते, मग माणूस चावायला लागतो, खालचा ओठ सुजतो, आणि ती चावायची सवय सुटायला फार वेळ लागतो. एकाच रीडवर महिनोन्महिने काढू नका, तीन-चार आलटून पालटून वापरा, आणि पावसाळ्यात ओली रीड तशीच माऊथपीसवर सोडलीत तर तिच्यावर बुरशी येते.

जोडताना अजून एक. वरचा आणि खालचा जॉइंट (वाद्याचे दोन मुख्य भाग) जोडताना वरच्या जॉइंटच्या रिंगा (भोकांभोवतीच्या कड्या) दाबून धरा म्हणजे मधली ब्रिज की उचलली जाते, नाहीतर ती वाकते आणि मग खालचे सूर नीट येतच नाहीत. कॉर्क कोरडा असेल तर ग्रीस लावा, जोर लावू नका. वाजवून झालं की आतून कपडा फिरवा, विशेषतः लाकडी वाद्य असेल तर, ओल राहिली आणि हवा एकदम कोरडी झाली की ते तडकू शकतं.

पेटीसोबत वाजवताना सूर थोडा वर चाललाय असं वाटलं तर बॅरल (माऊथपीसखालचा छोटा तुकडा) किंचित बाहेर ओढा, एखाद-दोन मिलिमीटर. पेटीचा सूर हलत नाही, हलायचं आपल्यालाच. पण वाद्य गरम होण्याआधी हे करू नका, थंड क्लॅरिनेट खाली बोलतं, पाच मिनिटांनी तेच वर जातं आणि परत सगळं बदलावं लागतं.

वाद्य विकत घ्यायच्या आधी सरांना दाखवा, हे फार कमी जण करतात. जुन्या बाजारात ई फ्लॅटची छोटी क्लॅरिनेट किंवा जुन्या अल्बर्ट पद्धतीची (कीजची वेगळी मांडणी) मिळतात, दिसायला सुंदर, किंमतही कमी, पण सर बोहम पद्धतीची बोटं शिकवणार आणि तुमच्या हातात वेगळंच वाद्य असणार. नवशिक्यासाठी बी फ्लॅट, बोहम, सतरा कीज आणि सहा रिंगा, बास.

आणि सगळ्यात मनापासून सांगायचं ते हे, की क्लासला गेल्यावर आठवडाभर जमलेलं वाजवून दाखवू नका. जिथे अडलंय ते आधी वाजवा. अनुभवी शिक्षकाला तुमचं बोट अर्धा इंच वर उचललं जातंय हे दिसतं, फुंक मध्येच का तुटते हे ऐकू येतं, ते तुम्हाला यूट्यूबवर कुणी सांगणार नाही. अडलेला बार (नोटेशनमधला दोन उभ्या रेघांमधला तुकडा) वहीत खूण करून न्या, कुठल्या सुरावरून कुठल्या सुरावर जाताना अडतं तेही लिहा. आदल्या रात्री तासभर घासून जाण्यापेक्षा रोज वीस मिनिटं, त्यातली पहिली पाच नुसते लांब सूर, ओठही टिकतात आणि अडचण नक्की कुठे आहे हेही कळतं.

ऑनलाइन क्लास असेल तर झूमच्या सेटिंगमध्ये ओरिजिनल साउंड चालू करा. नाहीतर ते तुमचा लांब सूर आवाजाचा गोंगाट समजून कापून टाकतं आणि सरांना वाटतं तुमची फुंक तुटतेय.